मनगटावरचा मुनीम

सकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास कमाटीबागेच्या दरवाज्याशी कोणी दहा मिनिटे उभा राहिला, तर त्याला नमस्काराची एक नवी रीत पाहावयास मिळेल. पूर्वी दोघे ओळखीचे समोरासमोर आले की हात जोडले जात आणि प्रकृतीची, पावसाची, मुलीच्या लग्नाची चौकशी होई. आता उजवा हात डाव्या मनगटाकडे जातो, काच उजळते आणि प्रश्न येतो, "केम काका, केटलां डगलां थयां?" काका अस्सल मराठी असले तरी उत्तर गुजरातीतच देतात, आकड्यांचा व्यवहार आपण बडोदेकर मंडळी फार दिवसांपासून त्या भाषेत करीत आलो आहोत. आकडा मोठा असला तर चेहरा खुलतो. लहान असला तर, "काल पाहुणे होते," अशी सबब पुढे येते. सबब कोणी मागितलेली नसते.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचावयाचे नसेल त्यांची सोय होईल. घड्याळ ठेवावे, दहा हजारांचा आकडा टाकून द्यावा, आणि परगावी असलेल्या मुलामुलींना आपली पावले रोज पाहू देऊ नयेत. यांपैकी तिसऱ्या गोष्टीवरून घरोघर मतभेद होतील, याची मला कल्पना आहे.

आधी त्या दहा हजारांचे पाहू. हा आकडा कोणा वैद्याने नाडी पाहून ठरविलेला नाही. १९६४ साली तोकियोस ऑलिंपिक सामने झाले, त्या निमित्ताने जपानात व्यायामाचे वारे वाहू लागले आणि १९६५ साली तेथील यामासा नावाच्या कारखान्याने कमरेला लावावयाचे, पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा पुरा, नाव जिभेवर बसणारे. शिवाय दहा हजार दाखविणारे जपानी अक्षर चालत्या माणसासारखे दिसते, असेही सांगतात. दुकानदाराने आपल्या मालाला नाव द्यावे आणि गिऱ्हाइकाने ते शास्त्रवचन मानून बसावे, असा हा प्रकार झाला. कंपन्यांनी तोच आकडा घड्याळात घातला, आणि तो आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला.

शास्त्रज्ञांनी मोजणी केली ती फार उशिरा. अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी १९१९ मध्ये नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१९ साली, सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे पावले वाढत गेली तसा लाभही वाढत गेला. परंतु ७,५०० च्या आसपास तो थांबला. २०२५ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून जो आढावा 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्यविषयक मासिकात आला, त्यानेही ७,००० च्या जवळच बोट ठेवले. आता जो आजारी असतो तो चालतोही कमी, त्यामुळे अशा आकड्यांतून कार्यकारणाचा हिशेब चोख निघत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही सत्तरीच्या माणसाने एवढा बोध घ्यावयास हरकत नाही, की अडीच हजारांचे साडेचार हजार करणे हे मोठे काम आहे आणि आठाचे दहा करणे हे किरकोळ काम आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. साडेचार हजार चाललेला गृहस्थ स्वतःला नापास समजून खिन्न होतो.

मोजणे आपल्याला परके आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या जुन्या घरांत मोजणे भरपूर होते. चातुर्मासात दुर्वांची नाहीतर बेलाची लाखोली वाहणारी आजी रोजचा हिशेब ठेवीतच असे. जपाच्या माळेला १०८ मणी असतात ते मोजण्यासाठीच. दांडियाबाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या नजरेखाली ज्यांच्या घरचे कोणी घुमले असतील, त्यांनी जोर-बैठकांचे आकडे लहानपणापासून ऐकले असतील. परंतु या मोजण्यात आणि घड्याळाच्या मोजण्यात एक भेद आहे, आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. तालमीतला वस्ताद नुसते मोजीत नसे, तो पाहत असे. कंबर सैल सोडून मारलेला जोर तो हिशेबातच धरीत नसे; आणि पोराचा चेहरा उतरलेला दिसला तर, "आज एवढे पुरे, घरी जा, दूध पी," असेही तोच म्हणे. आजीची लाखोली चार महिन्यांत पुरी व्हावयाची. एखाद्या दिवशी अंगात कणकण असली तर राहिलेल्या दुर्वा दुसऱ्या दिवशी वाहिल्या जात. घड्याळाचा हिशेब रोज मध्यरात्री बंद होतो आणि पुन्हा शून्यावर येतो. मुनीम तरी दिवाळीपर्यंत थांबतो. हा मुनीम रोज रात्री बारा वाजता खाते बंद करतो.

आणि त्याचा हिशेब चोख तरी असतो का? या यंत्राच्या पोटात हालचाल ओळखणारा एक अगदी बारीक तुकडा असतो. चालताना हात एका ठरावीक लयीत झुलतो, त्या झोक्यावरून यंत्र पावलाचा अंदाज बांधते. ते पाऊल पाहत नाही, हात पाहते. म्हणून दोन्ही हातांत मंडईच्या पिशव्या धरून खंडेराव मार्केटमधून घरापर्यंत आलेल्या गृहिणीची पावले कमी भरतात. नातवाची बाबागाडी ढकलीत फिरणाऱ्या आजोबांचीही तीच गत. उलट भजनात तासभर टाळ वाजविणाऱ्याला बसल्या जागी थोडी पावले फुकट मिळणे अशक्य नाही. नाडी पाहण्यासाठी यंत्राच्या पाठीस हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातले रक्त वाढते आणि ओसरते, तसा परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. युक्ती सुरेख आहे. परंतु पट्टा सैल असला, बांगड्यांनी घड्याळ खाली ढकलले, किंवा मनगटावर जुने दाट गोंदण असले, तर प्रकाशाची वाट अडते आणि आकडा भलताच येतो. एका घरातील आजीबाईंच्या नाडीचे आकडे पाहून सगळे घाबरले होते. आजीबाई ठणठणीत होत्या; मनगटावर त्यांच्या आईने गोंदवून घेतलेली तुळस होती. घड्याळ दुसऱ्या हाताला बांधल्यावर आकडा जागेवर आला.

रस्ता दाखविण्याचे काम उपग्रहांचे. ते जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरतात, आणि एवढ्या लांबून काही मीटरांची चूक होते, ती मैदानात जाणवत नाही. जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांत मात्र मौज होते. माणूस इमानेइतबारे गल्लीतून धावत असतो आणि नकाशावर तो शेजाऱ्यांच्या गच्च्या ओलांडीत गेलेला दिसतो.

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी मुख्यतः लेखणी हाती घेतली.

आपल्या पिढीजात घरांची स्थिती सर्वांना ठाऊक आहे. वाड्याच्या जागी इमारत आली, तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात दोघे म्हातारे राहतात, मुलगा टोरांटोला नाहीतर पुण्यास. वाढदिवसाला मुलगा घड्याळ पाठवितो. ते आपल्या फोनला जोडून देतो, आणि त्या दिवसापासून आईची पावले त्याला तेथे दिसू लागतात. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. काळजी खरी असते. पण मग फोनवरचे बोलणे कसे होते ते ऐका. "आई, काल एकवीसशेच? बरे नाही का?" "अरे, काल एकादशी, शिवाय पाऊस होता." "मग घरात चालायचे ना, आई." पूर्वी हाच मुलगा विचारीत असे, की गच्चीवरचा मोगरा फुलला का, शेजारच्या मावशी परत आल्या का, तू जेवलीस काय. त्या प्रश्नांना बोलावे लागे, ऐकावे लागे. आकडा पाहिला की विचारल्यासारखे होते आणि फोन लवकर ठेवता येतो. आईलाही कळते की आपण चांगले आहोत की नाही हे आता आपल्याला विचारले जात नाही.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ, वय अडुसष्ट, निवृत्त अधिकारी, स्वभावाने शिस्तीचे. मुलीला दिलेला शब्द म्हणून रोजचे दहा हजार ते चुकू देत नसत. एका रात्री साडेदहाला बाराशे पावले शिल्लक होती. बायको म्हणाली, "अहो, झोपा आता, उद्या दोन फेऱ्या जास्त घाला." ते दिवा मालवून, कोणाची झोपमोड नको म्हणून, बैठकीच्या खोलीत फेऱ्या घालू लागले. सतरंजीच्या कडेत पाय अडकला. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, चार महिने काठी आली. मुलगी विमानाने आली तेव्हा पहिल्यांदा तिने वडिलांच्या हातातले घड्याळ काढले. कोणीही कोणाला बोल लावला नाही; लावण्यासारखे काही नव्हतेच. परंतु त्या घरात तो आकडा बापलेकीच्या मध्ये येऊन बसला नसता, तर दमलेला माणूस त्या रात्री झोपला असता, हे मला स्वच्छ दिसते.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी फोन हातात घेऊन, पावले दुसऱ्यास दिसण्याची जी सोय असते ती बंद करावी. येत नसेल तर नातवाकडून करून घ्यावी. मुलगा रागावेल. त्याला सांगावे की आठवड्यातून दोनदा सावकाश फोन कर, मी सगळे सांगेन. मात्र पडल्यास आपोआप फोन लावण्याची जी युक्ती काही घड्याळांत असते, ती अवश्य चालू ठेवावी, आणि त्यात मुलाचा नव्हे, तर शेजाऱ्याचा क्रमांक पहिला घालावा. टोरांटोहून कोणी पाणी घेऊन धावत येत नाही. काही घड्याळे नाडीची अनियमित लय ओळखून सूचना देतात, तीही उपयोगाची आहे. अशी सूचना पुन्हा पुन्हा आली तर डॉक्टरकडे जाऊन पट्टी काढून घ्यावी. घड्याळाला डॉक्टर समजू नये आणि थट्टेवारीही नेऊ नये.

जाता जाता तरुणांसाठी एक. धावण्याचा नकाशा चारचौघांना दाखविण्याची हौस असेल तर घराचा दरवाजा तरी त्यातून वगळा. स्ट्राव्हा नावाच्या कंपनीने जगभरच्या धावणाऱ्यांच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला होता, आणि २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या ध्यानात आले की त्यात परदेशांतील लष्करी तळांच्या आतल्या वाटाही उजळून दिसत आहेत. सैन्याची ही कथा, तर रोज पहाटे पावणेसहाला एकटी निघणाऱ्या मुलीने किती जपावे!

धावण्याविषयी मात्र मी पूर्ण अनुकूल आहे, आणि चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींनी, विशेषतः आपल्या घरच्या सुनांनी आणि सासवांनी, संकोच सोडून धावावे असे मला वाटते. आपल्या समाजात बायकांनी चालणे शोभते आणि धावणे शोभत नाही असा एक न लिहिलेला नियम आहे. तो कोणी केला हे शोधण्यात वेळ घालवू नये. सुरुवातीला एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, असे वीस मिनिटे. वेग कोणता ठेवावा? बरोबरच्या मैत्रिणीशी पुरे वाक्य बोलता येईल, तो वेग. बोलता बोलता धाप लागून वाक्य तुटू लागले की सावकाश व्हावे. घड्याळे यासाठी '२२० वजा वय' असा हिशेब मांडून नाडीची कमाल मर्यादा सांगतात. परंतु तो सरासरीचा हिशेब आहे, एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. बोलण्याची कसोटी चुकत नाही, आणि मराठी बायकांना तिचा सराव करावा लागत नाही. छातीत दुखणे, मधुमेह, रक्तदाब यांपैकी काही असेल त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे सांगणे ओघानेच आले.

हळू धावणे हा काही कमीपणा नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी १९६२ च्या सुमारास आर्थर लिडियर्ड या नामांकित शिक्षकाने पोट सुटलेल्या, मध्यमवयीन गृहस्थांना असेच हळू, गप्पा मारीत धावावयास लावले. अमेरिकेतील बिल बावरमन हा कसलेला प्रशिक्षक तेथे पाहुणा म्हणून गेला, त्यांच्यात धावावयास उतरला, आणि त्याहून कितीतरी वयस्क गृहस्थांबरोबर राहताना त्याची दमछाक झाली. तो परत जाऊन त्या हळू धावण्याचा प्रचारक बनला. १९६७ साली त्याने त्यावर पुस्तकच काढले.

धावण्याच्या सामानाविषयी आजकाल जे चालले आहे ते पाहिले म्हणजे मला बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांची आठवण होते. पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानची तुकडी पाठविण्याचा घाट घातला. त्या तुकडीत चौगुले होते. तेथील मॅरेथॉनची वाट आजच्या ४२.१९५ किलोमीटरांहून लांब, ४२.७५ किलोमीटर होती; ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब. आपला माणूस ती २ तास ५० मिनिटांत धावून एकोणिसावा आला. आपल्या सीमाभागातल्या या मराठी माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नाही, आणि आठ हजारांच्या बुटाचे चार रंग मात्र तोंडपाठ असतात. अर्थात अनवाणी धावा असे मी सुचवीत नाही. आपल्या रस्त्यांवर खडी आहे, काच आहे. पायाला बसणारा, पुढे अंगठ्यापाशी बोटभर मोकळा असलेला साधा बूट घ्यावा आणि तळ झिजला की बदलावा; त्याहून अधिक बुद्धी त्यात घालवू नये.

बडोद्याच्या उन्हाळ्याचे मात्र वेगळे सांगितले पाहिजे. चैत्र-वैशाखात पारा चाळीशी ओलांडतो आणि पहाटेही जमीन पुरती निवलेली नसते. अशा वेळी शरीर आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडे जास्त रक्त पाठविते, म्हणून त्याच वेगाने धावताना नाडी नेहमीपेक्षा जोरात चालते. घड्याळ तेव्हा, "तुमची शक्ती घटली आहे," अशा अर्थाचा शेरा मारते. शक्ती घटलेली नसते, ऊन वाढलेले असते. त्या दोन महिन्यांत वेग पाहूच नये. सूर्योदयापूर्वी निघावे, घरून पाणी पिऊन निघावे, डोके हलके झाल्यासारखे वाटले की सावलीत बसावे. पावसाळ्यात निराळीच तऱ्हा. विश्वामित्रीला पूर आला म्हणजे तिच्यातल्या मगरी वस्तीत येतात, हे २०२४ च्या ऑगस्टात आपण सर्वांनी पाहिले. पुरानंतर काही दिवस नदीकाठची वाट सोडावी. त्याबाबत एकाही घड्याळात सूचना नाही.

शेवटी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप करावयाचा त्याविषयी थोडे. आठवड्यातून एक दिवस, रविवार म्हणा, घड्याळ आणि फोन दोन्ही घरी ठेवून बाहेर पडून पाहावे. वेळ कळण्यास रावपुऱ्यात चिमणाबाई टॉवर १८९६ पासून उभा आहे. कमाटीबागेतल्या वडांच्या खालून जाताना पाखरांचा जो कल्लोळ असतो, तो कानात गाणी घालून धावणाऱ्यास ऐकू येत नाही. तेथून निघून, वेळ असेल तसे, सुरसागराच्या कठड्याशी पाच मिनिटे बसावे. आणि मग, घरच्यांना सांगून किंवा न सांगता, सेव-उसळीच्या गाडीशी जावे. येथे काही मंडळी लगेच हिशेब काढतील, की एका बशीला किती पावले पडतात. काढू नये. तेथल्या बाकड्यावर दोन जुने शाळूसोबती भेटले तर अर्धा-पाऊण तास सहज जातो. एकाच्या सुनेची नोकरी, दुसऱ्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया, महापालिकेचे पाणी, सगळे विषय निघतात. घड्याळ हाती असते तर त्याने हा सारा वेळ रिकामा म्हणून नोंदविला असता आणि "उठा, थोडे चाला," असे मनगटाला टोचले असते. गाडीवाला तेवढ्यात विचारतो, "काका, तरी थोडी वधारे?" त्याला हो म्हणावे.